डब्यावर 'स्क्रीन-फ्री', आत क्यूआर कोड: मुलांच्या बेकिंग किटचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी तीन स्टार, आणि ते तिन्ही आतल्या अवजारांना. प्रीमिक्सच्या, म्हणजे आधीच मिसळून दिलेल्या पिठाच्या, पाकिटांना मी अर्धासुद्धा देणार नाही आणि त्या क्यूआर कोडचे तर उलट कापून घ्यायला हवेत, त्याचं पुढे येतंच.

मुलांसाठी बेकिंग किट म्हणून जो प्रकार मिळतो ना, रंगीत खोका, वर हसणारी मुलं, नाकाला पीठ लागलेला बाप आणि ठळक अक्षरात 'स्क्रीन-फ्री फॅमिली टाइम', त्यातला एक आमच्याकडे भेट म्हणून आला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका कंपनीला झोडपण्यात मला रस नाहीये, हा प्रकारच घ्यावा का, घेतला तर कशासाठी, ते लिहायचंय. घरात मोठी आठ वर्षांची आणि धाकटा चारचा. मी स्वतः बेकिंग बऱ्यापैकी करतो त्यामुळे रिव्ह्यू थोडा खडूस वाटेल, चालवून घ्या.

आत काय काय आहे: मापाचे कप, मापाचे चमचे, मुलांच्या हाताला बसेल असं छोटं लाटणं, सिलिकॉनचा स्पॅच्युला, व्हिस्क (फेटायची तारांची फेटणी), प्लॅस्टिकचे कटर, एप्रन, एक ओव्हन मिट (गरम ट्रे धरायचा हातमोजा), कुकी, मफिन आणि ब्राउनीच्या प्रीमिक्सची पाकिटं, वरून भुरभुरायला रंगीत साखर, आणि एक जाड गुळगुळीत कार्ड. कार्डावर रेसिपी असेल असं कोणालाही वाटेल. नाही. कार्डावर क्यूआर कोड.

आधी चांगलं बोलतो. छोटं लाटणं फार भारी आहे. दोन्ही टोकांना काढता-घालता येणाऱ्या चकत्या आहेत, त्या बसवल्या की लाटणं ओट्यापासून ठराविक उंचीवर फिरतं आणि पीठ सगळीकडे सारख्या जाडीचं लाटलं जातं. हे लहान मुलांसाठी का महत्त्वाचं, तर चार वर्षांचं पोर सगळा जोर मधोमध देतं, कडा जाड आणि मध्य कागदासारखा पातळ, मग एकाच ट्रेमधल्या काही कुकी करपतात, काही कच्च्या राहतात, आणि कच्ची नेमकी त्याचीच निघते, मग रडारड. चकत्यांमुळे ते थांबलं. स्पॅच्युलाही चांगला, दांडा आणि पातं एकाच तुकड्यात ओतलेलं आहे त्यामुळे सांध्यात पीठ अडकून कुजत नाही. सुटं पातं असलेला स्पॅच्युला घेऊ नका, कुठल्याही कंपनीचा.

व्हिस्क ठीक. एप्रनची गळ्यातली पट्टी लहान-मोठी करता येते, हे कोणीतरी डोकं वापरून केलेलं दिसतंय.

कटर मात्र टाकाऊ. प्लॅस्टिकची कड बोथट असते, ती पीठ कापत नाही, दाबते. ताऱ्याची टोकं कटरमध्येच अडकून बसतात आणि ट्रेवर पडतो तो बटाटा. पत्र्याचे, वरची कड गोल दुमडलेले कटर घ्या, हाताला लागत नाहीत आणि खालची धार कापते. त्यातही एक गोष्ट, जी किटमध्ये कुठेच सांगितलेली नाही: कापलेल्या कुकी ट्रेवर ठेवल्या की ट्रेसकट पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये टाकायच्या. पिठातलं बटर पुन्हा घट्ट होतं, आणि ओव्हनमध्ये ते वितळून पसरायच्या आत कुकीच्या कडा धरायला लागतात. नाहीतर घोडा, मासा, चंद्र काहीही कापा, बाहेर येताना सगळे एकाच घराण्यातले.

आता मापाचे कप, कारण खरी मजा इथेच आली. मोठीला शाळेत अपूर्णांक नुकतेच सुरू झालेत. तिला म्हटलं हे पाव कप, चार वेळा भरून मोठ्या कपात ओत, काय होतं बघ. तिने पाणी ओतलं, चौथा पाव कप गेला, आणि मोठा कप भरलाच नाही, वर चांगली बोटभर जागा. परत ओतलं, परत तेच. मग वजनाचा काटा काढला. पाण्याचं बरं असतं, एक मिलिलिटर म्हणजे जवळपास एक ग्रॅमच. मोठा कप भरून ठेवला तर काटा २४० च्या आसपास, म्हणजे तो बरोबर, पाव कप मात्र ६० ला जायच्या बऱ्याच आधी काठोकाठ. "बाबा, कंपनी चुकली!" हे ती ज्या आनंदाने ओरडली त्याला तोड नाही. त्या संध्याकाळी तिने घरातला प्रत्येक कप, वाटी, औषधाचं झाकण सगळं मोजून काढलं, धाकटा पाणी सांडायच्या खात्यात, आणि बेकिंग झालंच नाही, तरी मला विचाराल तर खोक्यावर जो 'फॅमिली टाइम' छापलाय तो आम्हाला तिथेच मिळाला, कंपनीच्या चुकीमुळे.

म्हणजे चुकीचे कप द्यावेत असं म्हणत नाहीये मी. एक स्टार त्यासाठीच गेलाय. पण कप या मापाचा घोळ जुना आहे. कुठल्या रेसिपीत कप म्हणजे २४० मिलि, कुठे २५०. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलि, ऑस्ट्रेलियात २०. आणि मैद्याचं तर विचारूच नका, चमच्याने हलकेच कपात भरून वरून सुरीने सपाट केला तर १२० ते १२५ ग्रॅम, तोच कप पिशवीत खुपसून दाबून काढला तर सहज १५० च्या वर. एवढ्या फरकात मऊ कुकीचं बिस्किट होतं. सपाट माप घ्यायची शिस्त तशी फार जुनी नाहीये, बॉस्टनच्या पाकशाळेत शिकवणाऱ्या फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ पासून ती लोकांच्या गळी उतरवली, त्याआधीच्या रेसिप्यांत सर्रास 'अक्रोडाएवढं लोणी' वगैरे असायचं. तर किट बनवणाऱ्यांनो, प्रीमिक्सच्या चार पाकिटांच्या ऐवजी एक छोटा डिजिटल काटा टाका की. चार वर्षांच्या मुलाला अपूर्णांक कळत नाहीत पण 'आकडा १००वर आला की थांब' हे बरोब्बर कळतं. आमचा धाकटा १०३ झाले की चिमटीने तीन ग्रॅम मैदा परत काढतो. एरवी हा मुलगा दात घासताना अर्धा मिनिट उभा राहत नाही.

(हो, काट्याला पण स्क्रीन असते. एकाने हे आधीच मला ऐकवून झालंय.)

प्रीमिक्सकडे येऊ. पाकिटात मैदा, साखर, कोको, बेकिंग पावडर, मीठ, सगळं आधीच मिसळलेलं. आपण काय करायचं तर पाणी आणि तेल घालून ढवळायचं. संपलं. मुलांच्या वाट्याला दोन मिनिटांचं ढवळणं, त्यात दोघं, म्हणजे प्रत्येकी एक मिनिट. मग ट्रेमध्ये ओतलं आणि "बाबा आता काय?" आता काहीच नाही बाळा. कंपनीने सगळं करून ठेवलंय.

मोजणं, चाळणं, अंडं फोडणं, बटर आणि साखर फेटताना मिश्रणाचा रंग पिवळ्याचा पांढरट होताना बघणं, बेकिंगमधलं हेच तर मुलांचं काम आहे आणि प्रीमिक्स नेमकं तेच काढून घेतं. मोठ्या माणसाला घाईत केक हवा असेल तर प्रीमिक्ससारखं सोयीचं काही नाही, मी स्वतः वापरतो. पण इथे केक लवकर व्हावा हा उद्देशच नाहीये, उलट लांबलेलं हवंय.

यावरून एक किस्सा. तुम्ही ऐकलं असेल की १९५० च्या दशकात केक मिक्स खपेना, मग मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं की गृहिणींना अंडं फोडू द्या म्हणजे त्यांना आपण काहीतरी केल्यासारखं वाटेल, आणि मग खप वाढला. गोष्ट छान आहे पण पूर्ण खरी नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डफ कंपनीकडे काकवीचा साठा पडून होता, त्यातून त्यांनी १९३० च्या सुमारास केक मिक्स काढलं, आणि १९३५ च्या पेटंटमध्येच त्यांनी लिहून ठेवलंय की बायकांना ताजं अंडं स्वतः घालायला आवडतं. म्हणजे माणसाला काहीतरी हाताने करायचं असतं हे धंदेवाल्यांना तेव्हापासून माहितीये. आणि ताज्या अंड्याचा केक चवीलाही बरा लागतो हा भाग वेगळाच. आमच्या किटने मात्र 'फक्त पाणी आणि तेल' हेच मोठं वैशिष्ट्य म्हणून खोक्यावर छापलंय.

मग आम्ही पाकिटं बाजूला ठेवली आणि किटमधली अवजारं घेऊन साध्या कुकी केल्या, मैदा, बटर, साखर, अंडं, बेकिंग पावडर, मीठ, बस. आणि सुटं सामान समोर आलं की प्रश्न येतात, जे पाकिटातून कधीच येत नाहीत. बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर वेगळं का? दोन पारदर्शक ग्लास घ्या, एकात थोडा सोडा, एकात थोडी पावडर, दोन्हीत नुसतं पाणी ओता. सोडा गप्प बसतो, पावडर फसफसते. आता सोड्याच्या ग्लासात लिंबू पिळा, लगेच उसळतो. म्हणजे सोड्याला आंबट सोबती लागतो आणि पावडरच्या डब्यात तो सोबती आधीच कोरडा करून भरलेला असतो, दोघांत भांडण लागू नये म्हणून थोडा स्टार्च घालून. पाणी लागलं की सुरू. आणि आजकालच्या बहुतेक पावडरी दोनदा काम करतात, थोडा वायू ओलं झाल्यावर आणि उरलेला ओव्हनची उष्णता लागल्यावर, म्हणून ट्रे ओव्हनमध्ये जायला थोडा उशीर झाला तरी फार बिघडत नाही.

मोठीने विचारलं हे शोधलं कोणी. तर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे एक केमिस्ट होते, त्यांच्या बायकोला अंडं चालायचं नाही आणि यीस्टही चालायचं नाही, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर आणि १८४३ मध्ये बिनयीस्टचा पाव फुगवायला बेकिंग पावडर केली. बायकोसाठी! हे सांगताना माझी बायको दारात उभी होती, तिने माझ्याकडे जे काही बघितलं ते इथे लिहीत नाही.

आता क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की व्हिडिओ उघडतो, त्याआधी जाहिरात, मग संगीत, मग एक ताई फार गोड आवाजात "चला तर मग मित्रांनो" करते. म्हणजे काय झालं बघा. मी मुलांना सांगितलेलं आज फोन नाही, आणि पहिल्याच मिनिटाला फोन ओट्यावर उभा. दोघांच्या माना तिकडे. वाडग्यात बघायला कोणी नाही. ताईचा वेग आपला नसतो, ती फेटून झालेली असते आणि आमचं बटर अजून फ्रिजमधून निघून दगडासारखं बसलेलं असतं, मग पिठाच्या बोटाने पॉज, स्क्रीन चिकट, परत मागे घ्या. आणि व्हिडिओ संपला की आपोआप पुढचा सुरू, ज्याचा कुकीशी काहीही संबंध नाही, आणि धाकटा त्यात गुंतला, त्याला फोनपासून उचलून आणावं लागलं. आता सांगा, स्क्रीन-फ्री कसलं? उलट स्क्रीन नव्हती तिथे आणून ठेवली.

एक साधं छापील कार्ड. एवढंच हवं होतं. पावलांची चित्रं, खाली मोठ्या अक्षरात माप. वाचता येणारं मूल वाचून दाखवतं, न वाचता येणारं चित्र बघून पुढचं सांगतं. आम्ही शेवटी तेच केलं, मी व्हिडिओ एकट्याने आधी बघून मापं उतरवली आणि मोठीने जाड पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून काढली, 'मैदा घालने' असं, ण चा न करून, मी दुरुस्त केलं नाही. आता तेच कार्ड वापरतो. त्याच्यावर बटरचे डाग पडलेत आणि तिला ते कोणी पुसलेलं चालत नाही.

स्क्रीनबद्दल मी काही सोवळा नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बसून स्क्रीन बघायला देऊच नये, आणि दोन ते चार वयात दिवसाला तासाभराच्या वर नको, कमी तितकं बरं. ठीक आहे, प्रयत्न करतो. पण बेकिंग हा रोजच्या स्क्रीनवरचा उपाय आहे असं जे हे खोके सुचवतात ना, ते मला पटत नाही. स्क्रीन देतो तेव्हा आपल्याला अर्धा तास मोकळा मिळतो, खरं कारण ते आहे, आणि बेकिंगमध्ये आपल्याला एक सेकंद मोकळा मिळत नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी दमून आल्यावर कोणी हा खोका उघडू नये, मुलांवर ओरडणं ठरलेलं. सुट्टीच्या दिवशी, पोट भरलेलं असताना, घड्याळ नसताना करायची गोष्ट आहे ही. भुकेल्या पोराबरोबर तर अजिबातच नको, त्याला आत्ता खायचं असतं आणि कुकीला अजून तास आहे.

किट काहीच सांगत नाही आणि तरी मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग म्हणजे ओव्हनसमोरची वाट बघणं. बारा-तेरा मिनिटं. पुढे ढकलता येत नाहीत, वेग दुप्पट करता येत नाही, स्किप नाही. ओव्हनपासून दोन हात लांब जमिनीवर टेपची एक पट्टी चिकटवलीये, तिच्या मागे दोघं मांडी घालून बसतात, आतला दिवा चालू. पहिली दोन-तीन मिनिटं काही नाही. मग गोळ्यांना चकाकी येते, बटर वितळायला लागलेलं असतं. मग ते पसरतात, मग मधून फुगतात, बेकिंग पावडरची दुसरी खेप, शिवाय पाण्याची वाफ. मग कडा आधी घट्ट होतात. आणि शेवटच्या काही मिनिटांत रंग, आणि त्याच्या जरा आधी वास. तो तपकिरी रंग आणि तो वास एकाच गोष्टीतून येतो, प्रथिनं आणि साखर १४० अंशांच्या पुढे एकमेकांत गुंतायला लागतात, मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ते मांडलं म्हणून मायार अभिक्रिया. कुकीचा मध्य ओला असतो, तिथे पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या पुढे फारसं जात नाही, म्हणून रंग कडेने आत सरकतो. हे मोठीला सांगितल्यावर तिने आतल्या सगळ्या कुकी नीट न्याहाळल्या आणि म्हणाली मागच्या जास्त तपकिरी आहेत. बरोबर होतं, आमचा ओव्हन मागून जास्त तापतो. मला माहीत होतं, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

या बारा मिनिटांत दोघं एकमेकांशी जे बोलतात ते मी ऐकत नसल्यासारखं भांडी घासत ऐकतो.

यीस्टचा पाव केला तर वाट आणखी मोठी, आणि अजून बरी, कारण मधे सोडून खेळायला जाता येतं. कोमट पाण्यात, म्हणजे मनगटावर टाकलं तर गरम न वाटणाऱ्या, यीस्ट आणि चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवायचं, वर फेस आला की जिवंत आहे. पाणी कढत असेल तर यीस्ट मरतं, साठ अंशांच्या आसपास तर नक्कीच. पीठ मळणं हे धाकट्याचं सगळ्यात आवडतं काम, बडवा, ओढा, आपटा, काहीही करा, जितकं जास्त तितकं चांगलं, त्यातूनच ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांची, जाळी तयार होते. मफिनचं नेमकं उलट, ओलं आणि कोरडं एकत्र आलं, पीठ दिसेनासं झालं की थांबा, गुठळ्या राहिल्या तरी चालतील, नाहीतर मफिन चिवट होतं आणि आत बोगदे पडतात. ज्या पोराला ढवळायला आवडतं त्याला मफिन देऊ नका, पाव द्या.

सुरक्षिततेबद्दल किट जवळपास मुकं आहे आणि इथे मला खरंच राग आला. खोक्यावरच्या फोटोत मूल चमच्याने कच्चं पीठ चाटतंय! कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण कच्च्या मैद्याचं माहीत नसतं. मैदा भाजलेला किंवा शिजवलेला नसतो, शेतातून गहू येतो, दळला जातो, पिशवीत भरला जातो, मधे जंतू मारायची पायरी नसते. २०१६ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय या जंतूची साथ आली तिचा माग मैद्यापर्यंत गेला, बाजारातून कितीतरी मैदा परत मागवावा लागला. म्हणजे बिनअंड्याचं पीठ असलं तरी चाटायचं नाही. आमच्याकडे नियम असा की चाटायला वेगळी वाटी, तिच्यात चॉकलेटचे तुकडे किंवा मनुका, ज्याच्या कामाची पाळी संपली त्याने दोन उचलायच्या. भांडण मिटतं. आणि पिठाला हात लागले की साबणाने धुवायचे, ओटा पण पुसायचा.

ओव्हन मिट नुसतं शोभेचं आहे. पातळ कापड, आत नावाला कापूस, मी स्वतः घालून १८० अंशांचा ट्रे धरून बघितला, दोन-तीन सेकंदांत चटका जाणवला. मुलांसाठी म्हणून मिट दिलं की मुलाला वाटतं आता मी ट्रे काढू शकतो. आठ वर्षांची असली तरी आमच्याकडे ओव्हनचं दार मोठ्यांनीच उघडायचं, तिचं काम टायमर आणि "झालं का नाही" हे ठरवणं. ते मिट आता बाहुलीची झोपायची पिशवी झालंय.

कोणाला काय काम द्यायचं हेही कार्डावर असायला हवं होतं, खोक्यावर नुसतं '३+' लिहून भागत नाही. आमच्या अनुभवाने तीन-चार वर्षांच्याला ओतणं, काट्यावर मोजणं, चाळणं, मळणं, कटर दाबणं. चाळणीखाली मोठी परात ठेवा, अर्धा मैदा बाहेर जातो. सहाच्या पुढे अंडं फोडता येतं, पण थेट पिठात नाही, आधी वेगळ्या वाटीत, टरफल आलं तर फुटक्या टरफलाच्याच कडेने काढायचं, बोटाने पळत राहतं. आठच्या पुढे एक अख्खी रेसिपी वाचून सामान मांडून ठेवणं जमतं, आणि हे काम कमी समजू नका, मोठी आधी सगळं ओळीने मांडते आणि मगच सुरू करू देते, मला सुद्धा. दोन मुलं असतील तर दोन वाडगी घ्या. एक वाडगं आणि दोन मुलं हा प्रयोग करू नका. किटमध्ये व्हिस्क एकच, एप्रन एकच, आणि खोक्यावरच्या फोटोत मुलं दोन, हा विनोद कंपनीच्या लक्षात आलेला नाही.

आपण मोठ्यांनी फोन कुठे ठेवायचा हाही प्रश्न आहेच. मुलांना स्क्रीन-फ्री आणि आपण दर पायरीला फोटो, हे मुलांना लगेच कळतं. पीठ लावलेला चेहरा गोड दिसतो मान्य, पण "इकडे बघ, परत एकदा ढवळ" म्हटलं की ते ढवळणं खोटं होतं. आम्ही टायमरसाठी पण फोन ठेवत नाही, फिरवायचा जुना टायमर आहे, टिकटिकतो आणि शेवटी घंटी वाजते, धाकट्याला ती घंटी कुकीइतकीच प्रिय आहे.

ॲलर्जीची माहिती पाकिटावर आहे पण इतकी बारीक की भिंगातून वाचावी लागली. गहू, दूध असं आहे, आणि 'अंश असू शकतात' मध्ये शेंगदाणे आणि सुकामेवा. वाढदिवसाला दुसऱ्यांच्या मुलांना घेऊन करणार असाल तर आधी त्यांच्या घरी विचारा, हे खोक्यावर अवलंबून राहायचं काम नाही. अंडं नको असेल तर एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवा, चिकट होते आणि एका अंड्याच्या जागी कुकी-मफिनमध्ये चांगली चालते. स्पंज केकला नाही चालत, तिथे अंड्यातली हवाच लागते.

घ्यावा का? घरात मापाचे कप, स्पॅच्युला, लाटणं काहीच नसेल आणि कोणी भेट देत असेल तर घ्या, अवजारं टिकाऊ आहेत. स्वतःचे पैसे घालून घ्यायचा असेल तर नको, तेच लाटणं, तोच स्पॅच्युला, पत्र्याचे दोन-तीन कटर आणि एक काटा सुटं घ्या. रिफिल म्हणून प्रीमिक्सची पाकिटं परत विकतात, ती तर अजिबात घेऊ नका, ओव्हनबरोबर आलेल्या पुस्तिकेत सुद्धा साध्या कुकीची रेसिपी सापडेल. फक्त पंख्याचा ओव्हन असेल तर लिहिलेल्या तापमानापेक्षा वीस अंश कमी लावा.

आणि लहान मुलांच्या हाताला बसेल असं खरंखुरं जाड ओव्हन मिट कोणाला माहीत असेल तर खाली लिहा, मोठी अजून दोन वर्षांनी ट्रे काढणार म्हणून आतापासून मागे लागलीये.